गाणे कुणाचे? नॅशव्हिलच्या ब्रायंट दाम्पत्याची कहाणी

आकाशवाणीवर भावगीत लागण्यापूर्वी निवेदक कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगतो, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली पद्धत. अमेरिकी रेडिओवर ती कधी रुजली नाही. तेथे गाणे ओळखले जाते ते गाणाऱ्याच्या नावाने. त्यामुळे ‘बाय बाय लव्ह’, ‘ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम’ आणि ‘लव्ह हर्ट्‌स’ ही गाणी कुणाची, असे इंग्रजी गाण्यांच्या एखाद्या जाणकार श्रोत्याला विचारले, तर पहिली दोन एव्हर्ली ब्रदर्सची आणि तिसरे नाझरेथ या रॉक बँडचे, असे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. प्रत्यक्षात ही तिन्ही गाणी एकाच घरात लिहिली गेली. त्या घरातल्या माणसांची नावे होती बूडलो आणि फेलिस ब्रायंट.

कंट्री संगीताच्या इतिहासात या दाम्पत्याची नोंद साधारणपणे एका वाक्यात केली जाते : स्वतः गायक म्हणून नाव न कमावता केवळ गाणी लिहून पोट भरणारे नॅशव्हिलमधले हे पहिले पूर्णवेळ गीतकार. (अमेरिकेत ‘साँगरायटर’ म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणारा, या लेखात ‘गीतकार’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.) हे वाक्य खरे आहे, पण ते शक्य कसे झाले हे त्यातून कळत नाही. प्रतिभा दोघांकडेही होती, यात शंका नाही. मात्र प्रतिभावान गीतकार नॅशव्हिलमध्ये त्यापूर्वीही होते आणि नंतरही पुष्कळ आले. त्यांच्यातले बरेच जण कफल्लक राहिले. ब्रायंट दाम्पत्याच्या यशाचे इंगित समजून घ्यायचे, तर त्यांच्या गाण्यांबरोबरच त्यांचा हिशेब आणि त्यांचे करारपत्रही पाहावे लागते.

बूडलो यांचा जन्म १९२० साली जॉर्जिया राज्यातल्या शेलमन या छोट्या गावात झाला आणि ते वाढले त्याच राज्यातल्या मोल्ट्री येथे. पहिल्या महायुद्धात वडिलांचा जीव वाचविणाऱ्या एका फ्रेंच सैनिकाचे नाव मुलाला देण्यात आले, अशी या विचित्र नावामागची कथा सांगितली जाते. मुलगा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफली करणारा व्हायोलिनवादक व्हावा, या इराद्याने लहानपणापासून त्याची तालीम सुरू झाली. अठराव्या वर्षाच्या सुमारास अटलांटा फिलहार्मॉनिक वाद्यवृंदात तो एक हंगाम वाजवलाही. परंतु त्या काळात दक्षिणेकडच्या रेडिओ केंद्रांना शास्त्रीय वादकापेक्षा ‘फिडल’ वाजविणाऱ्याची गरज अधिक होती. वाद्य तेच, नाव आणि बाज वेगळा. बूडलो हँक पेनी यांच्या ‘रेडिओ काउबॉइज’ या वाद्यवृंदात दाखल झाले आणि मैफलीचे व्हायोलिन मागे पडले.

फेलिस यांचे मूळ नाव मॅटिल्डा जेनेव्हीव्ह स्कडुटो. १९२५ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकी शहरात एका इटालियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. संगीताचे शिक्षण काहीच नाही; पण कविता करण्याची आणि ऐकलेल्या चालींवर शब्द बसविण्याची सवय जुनी. १९४५ मध्ये त्या मिल्वॉकीच्या श्रोडर हॉटेलात लिफ्टवर काम करत होत्या आणि बूडलो तेथे वादनाच्या कार्यक्रमासाठी आले होते. या माणसाचा चेहरा आपण आठव्या वर्षी स्वप्नात पाहिला होता, असे फेलिस पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. स्वप्नाचे खरेखोटे त्यांनाच ठाऊक. पण ओळख झाल्यावर काही दिवसांतच दोघे एकत्र निघून गेले आणि त्याच वर्षी विवाहबद्ध झाले. ‘फेलिस’ हे नावही बूडलो यांनीच ठेवलेले.

लग्नानंतरची वर्षे हलाखीची होती. नवरा हॉटेलांतून आणि बारमधून वाजवायचा, बायको घरी एकटी बसून गाणी लिहायची. थोड्याच दिवसांत दोघे मिळून लिहू लागले. गाण्यांच्या प्रती गायकांना आणि प्रकाशकांना टपालाने पाठविण्याचा सपाटा सुरू झाला, उत्तरे फारशी येत नव्हती. अखेर ‘कंट्री बॉय’ हे त्यांचे गाणे नॅशव्हिलच्या फ्रेड रोझ या प्रकाशकाच्या हाती पडले. लिटल जिमी डिकन्स या गायकाने ते ध्वनिमुद्रित केले आणि १९४९ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात पोहोचले. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, ब्रायंट कुटुंब नॅशव्हिलला आले.

दोन सेंटचे गणित

येथे थोडे थांबून त्या काळचे नॅशव्हिल समजून घ्यायला हवे. टेनेसी राज्याच्या या राजधानीत डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र १९२५ पासून दर शनिवारी रात्री ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम प्रसारित करत होते. डोंगरकपारीतल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे, फिडल आणि बँजोच्या साथीने गायले जाणारे हे संगीत शहरी मंडळींना गावंढळ वाटे. त्याला ‘हिलबिली’ असे हिणवले जाई. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राने आपल्या यादीसाठी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे सभ्य नाव स्वीकारले ते १९४९ मध्ये.

हा तुच्छतेचा भाव केवळ शब्दांपुरता नव्हता. त्याचा संबंध थेट पैशांशी होता. अमेरिकेत गाणे सार्वजनिक ठिकाणी वाजले की त्याची रक्कम गोळा करून गीतकार आणि प्रकाशकांना वाटणारी ‘एस्कॅप’ ही संस्था १९१४ पासून अस्तित्वात होती. तिचा कल ब्रॉडवे आणि हॉलिवूडच्या रचनाकारांकडे होता. ग्रामीण गीतकारांना आणि कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताला तेथे फारसा थारा नव्हता. एस्कॅपने दर वाढवून मागितल्यावर रेडिओ कंपन्यांनी १९३९ मध्ये ‘बीएमआय’ ही स्वतःची प्रतिस्पर्धी संस्था काढली आणि १९४१ मध्ये कित्येक महिने एस्कॅपची गाणी वाजविणेच बंद केले. रेडिओला गाणी तर हवी होती. ती मिळविण्यासाठी बीएमआयने आजवर दुर्लक्षित राहिलेल्या संगीताकडे मोर्चा वळविला. १९४२ मध्ये गायक रॉय एकफ आणि गीतकार फ्रेड रोझ यांनी नॅशव्हिलमध्ये ‘एकफ-रोझ’ ही प्रकाशन संस्था स्थापन केली ती याच वातावरणात. दोन बड्यांच्या भांडणातून तिसऱ्याचे दार उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

आता गीतकाराच्या कमाईचे गणित. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट द्यावे लागत. हा दर १९७८ पर्यंत बदललाच नाही. रूढीप्रमाणे त्यातला निम्मा वाटा प्रकाशकाचा आणि निम्मा गीतकाराचा. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या, तर वीस हजार डॉलर जमा होत आणि गीतकाराच्या हाती दहा हजार येत. दोघांनी मिळून लिहिले असेल, तर त्याचेही दोन भाग. शिवाय रेडिओवर गाणे वाजल्याची रक्कम वेगळी. यात एक गंमत अशी, की अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणे वाजले तर गीतकार आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत. हा नियम आजही तसाच आहे. मंचावर टाळ्या मिळविणाऱ्यापेक्षा घरी बसून लिहिणाऱ्याची मिळकत पुष्कळदा अधिक काळ टिकते, त्याचे एक कारण हे.

दुसरे कारण कायद्यातल्या आणखी एका तरतुदीत आहे. गाणे एकदा रीतसर ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आले, की ठरलेला दर भरून ते कुणीही पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. गीतकार त्याला अडवू शकत नाही. पण प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रणाचे पैसे मात्र त्याला मिळतात. गायकाची कारकीर्द संपते, आवाज जातो. गाण्याला नवा गायक मिळू शकतो.

परंतु हे सर्व त्यालाच मिळणार, ज्याच्याकडे गाण्याचा हक्क शिल्लक आहे. त्या काळी गरजू गीतकार आपली गाणी एकरकमी विकून मोकळे होत. काही गायक गाणे गाण्याच्या बदल्यात गीतकार म्हणून स्वतःचेही नाव घालायला लावत. विली नेल्सन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पुढे जगभर गाजलेल्या या गीतकाराने उमेदवारीच्या काळात ‘फॅमिली बायबल’ हे गाणे ५० डॉलरना आणि ‘नाइट लाइफ’ १५० डॉलरना विकले होते. दोन्ही गाणी पुढे लोकप्रिय झाली.

ब्रायंट दाम्पत्याने नॅशव्हिलमध्ये पाऊल ठेवले ते अशा बाजारात. दोघांचा दिनक्रम एखाद्या दुकानदारासारखा होता. गाणी लिहिण्यासाठी त्यांनी जाडजूड खातेवह्या वापरल्या. तयार झालेले प्रत्येक गाणे त्यात स्वच्छ उतरवलेले असे. बूडलो यांचे शास्त्रीय शिक्षण येथे कामी आले : चाल सुचली की ते ती थेट स्वरलेखनात नोंदवू शकत. ऑप्रीच्या मंचामागे जाऊन गायकांना गाठायचे, त्यांना घरी जेवायला बोलवायचे, फेलिस यांच्या हातचे इटालियन जेवण वाढायचे आणि मग खातेवही उघडून गाणी ऐकवायची, अशी त्यांची रीत होती. आजच्या भाषेत याला ‘मार्केटिंग’ म्हणतील. गायक येत होते आणि गाणीही घेत होते. कार्ल स्मिथ यांनी गायलेले ‘हे जो’ १९५३ मध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. (जिमी हेंड्रिक्स यांचे त्याच नावाचे गाणे निराळे.) फेलिस यांनी एकटीने लिहिलेले ‘वुई कुड’ हे गाणे आधी जिमी डिकन्स यांनी गाजवले आणि १९७४ मध्ये चार्ली प्राइड यांनी पुन्हा यादीत वर नेले.

फ्रेड रोझ १९५४ च्या डिसेंबरमध्ये निवर्तले आणि कंपनीचा कारभार त्यांचे पुत्र वेस्ली यांच्याकडे आला. यानंतरच्या काळात ब्रायंट दाम्पत्याने एकफ-रोझशी जो करार केला, तो त्यांच्या सगळ्या गाण्यांइतकाच महत्त्वाचा आहे. आपली गाणी ते दहा वर्षे याच प्रकाशकाला देणार होते. मात्र मुदत संपल्यावर त्या गाण्यांचे हक्क ब्रायंट यांच्याकडे परत येणार होते. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात स्वामित्वहक्काची पहिली मुदतच २८ वर्षांची होती आणि प्रकाशकांच्या छापील करारांतून गीतकार तो हक्क संपूर्ण लिहून देत असे. अशा बाजारात एका वादकाने आणि लिफ्टवर काम केलेल्या त्याच्या पत्नीने हे कलम पदरात पाडून घेतले. त्या दहा वर्षांत या जोडप्याच्या लेखणीतून काय काय बाहेर पडणार आहे, याची प्रकाशकाला कल्पना असती तर त्याने सही केली असती का, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

चाळिशीकडे झुकलेल्यांची तरुण गाणी

१९५७ मध्ये केंटकीतल्या एका संगीतकार कुटुंबातले डॉन आणि फिल एव्हर्ली हे दोन तरुण भाऊ नॅशव्हिलमध्ये काम शोधत होते. ब्रायंट यांचे ‘बाय बाय लव्ह’ हे गाणे तोवर अनेक गायकांनी नाकारले होते; नकारांची संख्या तीसच्या घरात सांगितली जाते. मार्च महिन्यात या भावांनी ते ध्वनिमुद्रित केले. एकमेकांना घट्ट चिकटून चालणारे दोन आवाज, मागे सणसणीत गिटार. गाणे कंट्री यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

या ध्वनिमुद्रिकेच्या सुरुवातीला गिटारचे जे झपाटलेले तुकडे ऐकू येतात, ते डॉन एव्हर्ली यांनी स्वतःच्या एका गाण्यातून उचलून येथे जोडले होते. ध्वनिमुद्रिका त्याशिवाय कल्पनेत आणणे कठीण. तरीही गीतकार म्हणून डॉन यांचे नाव तेथे नाही आणि नियमाप्रमाणे असायचे कारणही नाही. गाणे म्हणजे शब्द आणि चाल; त्याची सजावट हा ध्वनिमुद्रणाचा भाग. ही रेषा न्याय्य आहे की नाही, यावर संगीतविश्वात आजही वाद झडतात. या व्यवसायातला पैसा कुणाकडे जातो हे मात्र त्याच रेषेने ठरते.

त्यापाठोपाठ त्याच वर्षी ‘वेक अप लिट्ल सूझी’ आले. मोटारीत बसून सिनेमा पाहता पाहता एक तरुण आणि तरुणी झोपी जातात, पहाटे जाग येते आणि आता घरच्यांना काय सांगायचे या विचाराने धाबे दणाणते, एवढीच त्यातली गोष्ट. प्रत्यक्षात काहीही घडत नाही. तरीही बोस्टनमधल्या रेडिओ केंद्रांनी ते अश्लील ठरवून वर्ज्य केले. गाणे दोन्ही याद्यांमध्ये अव्वल ठरले. १९५८ मध्ये ‘ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम’ हे गाणे लोकप्रिय, कंट्री आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या ‘रिदम अँड ब्लूज’ अशा तिन्ही याद्यांमध्ये पहिले आले. वंशभेद कायद्यानेच पाळला जात असलेल्या दक्षिणेतल्या एका शहरात लिहिले गेलेले गाणे तिन्ही प्रकारच्या श्रोत्यांनी एकाच वेळी उचलून धरावे, ही गोष्ट साधी नव्हती. बूडलो यांनी ते पंधरा मिनिटांत लिहिल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी ‘बर्ड डॉग’, ‘डिव्होटेड टू यू’ आणि ‘प्रॉब्लेम्स’ आली.

विशी न ओलांडलेल्यांच्या मनातली घालमेल या गाण्यांत अचूक उतरली आहे. ती लिहिणारा पुरुष १९५७ मध्ये ३७ वर्षांचा होता, स्त्री ३२ वर्षांची आणि पदरी दोन मुले. आज ऐकताना यातली काही गाणी जराशी बाळबोध वाटतात, हे मान्य करायला हवे. परंतु ‘लव्ह हर्ट्‌स’ आले आणि हाच माणूस वेगळ्या वाटेने चालू लागल्याचे दिसले. प्रेमाने दुखापत होते, हे त्यात एखाद्या अनुभवी वैद्याच्या कोरड्या स्वरात सांगितले जाते. एव्हर्ली बंधूंनी ते १९६० च्या एका अल्बममध्ये गायले. पण स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून ते काढलेच नाही. १९६१ मध्ये रॉय ऑर्बिसन यांनी ‘रनिंग स्केअर्ड’ या गाण्याच्या मागच्या बाजूवर ते घातले. ही मागची बाजू, म्हणजे ‘बी साइड’, रसिकांच्या लेखी दुय्यम. गीतकाराच्या लेखी मात्र दोन्ही बाजूंचे मोल सारखेच, कारण तबकडी खपली की दोन सेंट दोन्ही गाण्यांना मिळतात. बडी हॉली यांच्या ‘इट डझन्ट मॅटर एनीमोर’च्या मागच्या बाजूला १९५९ मध्ये असेच ब्रायंट यांचे ‘रेनिंग इन माय हार्ट’ होते.

‘लव्ह हर्ट्‌स’चे भाग्य उजळायला आणखी पंधरा वर्षे जावी लागली. १९७४ मध्ये निघालेल्या ग्रॅम पार्सन्स यांच्या मरणोत्तर अल्बममध्ये ते एमिलू हॅरिस यांच्या साथीने अवतरले. १९७५ मध्ये जिम कपाल्डी यांनी ते ब्रिटनमध्ये गाजवले आणि १९७६ मध्ये नाझरेथ या स्कॉटिश बँडने ते अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत नेले. भारतातल्या महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या कित्येक पिढ्यांना ते ठाऊक आहे ते या तिसऱ्या, किंचाळत्या रूपात. रॉकच्या त्या गदारोळाखाली नॅशव्हिलच्या खातेवहीतले गाणे आहे, याचा पत्ता सहसा नसतो.

वैभवाच्या या काळातच कराराची दुसरी, बोचरी बाजूही दिसून आली. वेस्ली रोझ हे एव्हर्ली बंधूंचे व्यवस्थापकही होते. १९६१ मध्ये भावांनी ‘टेम्प्टेशन’ हे जुने गाणे गायचे ठरवले. त्याचे प्रकाशन हक्क एकफ-रोझकडे नव्हते, म्हणजेच त्यातून रोझ यांच्या कंपनीला काही मिळणार नव्हते. त्यांनी विरोध केला, भांडण विकोपाला गेले आणि भावांनी व्यवस्थापकालाच निरोप दिला. परिणामी ब्रायंट यांच्या नव्या गाण्यांची वाट त्यांच्यासाठी बंद झाली, कारण ब्रायंट त्याच प्रकाशकाशी बांधलेले होते. स्वतः एव्हर्ली बंधूही गीतकार म्हणून तेथेच करारबद्ध असल्याने त्यांच्या लेखणीलाही खीळ बसली. १९६४ च्या सुमारास समेट झाला, तोवर बीटल्स अमेरिकेत येऊन पोहोचले होते. अमेरिकी लोकप्रिय संगीतातली एक अत्यंत यशस्वी भागीदारी अशा रीतीने मोडली. गाणारे आणि लिहिणारे यांच्यात यावेळी कोणतेही वितुष्ट नव्हते.

दहा वर्षांनी परत आलेले घर

कराराची मुदत संपली आणि १९६७ मध्ये ब्रायंट दाम्पत्याने ‘हाउस ऑफ ब्रायंट’ ही स्वतःची प्रकाशन संस्था सुरू केली. जुन्या गाण्यांचे हक्क तिच्याकडे आले. आता रॉयल्टीचे दोन्ही वाटे, गीतकाराचा आणि प्रकाशकाचाही, एकाच घरात पडू लागले. ‘लव्ह हर्ट्‌स’ जगभर खपले ते यानंतर, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका कलमाची किंमत कळते. तुलनेसाठी सांगायचे, तर भारतात चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कायद्याने सुरक्षित झाला तो २०१२ च्या दुरुस्तीने.

त्याच १९६७ साली टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या गॅटलिनबर्ग येथे एका हॉटेलात मुक्काम असताना दोघे आर्ची कॅम्पबेल या कलावंतासाठी उतारवयावरची संथ गाणी लिहीत होते. त्या उदास सुरांना कंटाळून फेलिस यांनी काहीतरी उडत्या चालीचे लिहू या, असा हट्ट धरला. दहाएक मिनिटांत तयार झालेले ते गाणे म्हणजे ‘रॉकी टॉप’. ऑस्बर्न ब्रदर्सनी ते प्रथम ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ते यादीत फार वर गेले नाही. पण ब्लूग्रास वादकांनी ते उचलले, टेनेसी विद्यापीठाच्या बँडने १९७० च्या दशकात ते फुटबॉल सामन्यांत वाजवायला सुरुवात केली आणि १९८२ मध्ये टेनेसी राज्याने त्याला अधिकृत राज्यगीतांच्या मालिकेत स्थान दिले. शहरी धकाधकीला विटून डोंगरातल्या मुक्त आयुष्याची आठवण काढणारे हे गाणे. ते लिहिणाऱ्यांपैकी एक जॉर्जियाची आणि दुसरी पार उत्तरेकडची, दोघांपैकी टेनेसीचे मूळचे कुणीच नाही!

हक्क जपण्याचा हा धडा नॅशव्हिलच्या पुढच्या पिढीतही दिसतो. डॉली पार्टन यांचे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ १९७४ मध्ये गाजल्यानंतर एल्व्हिस प्रेस्ली यांना ते गायचे होते. त्यांचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांनी प्रकाशन हक्कातला निम्मा वाटा मागितला. एल्व्हिससारख्या गायकाला नकार देणे सोपे नव्हते. पार्टन यांनी तो दिला. १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच गाणे गायले आणि त्याची संपूर्ण मिळकत पार्टन यांच्याकडे राहिली.

बूडलो यांचे १९८७ मध्ये निधन झाले, फेलिस यांचे २००३ मध्ये गॅटलिनबर्ग येथे. १९९१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये दोघांचा समावेश झाला होता. त्यांनी लिहिलेल्या गाण्यांची संख्या काही हजारांत जाते, त्यातली नऊशेहून अधिक ध्वनिमुद्रित झाली. रे चार्ल्स, सायमन अँड गारफंकल, बॉब डिलन, जॉर्ज हॅरिसन अशा परस्परांहून अगदी भिन्न कलावंतांनी ती गायली. त्यांचे पुत्र डेल ब्रायंट २००४ पासून २०१४ पर्यंत बीएमआयचे प्रमुख होते, म्हणजे आईवडिलांच्या पिढीला ज्या संस्थेने दार उघडून दिले, तिचाच कारभार त्यांनी पाहिला.

आज नॅशव्हिलमध्ये गीतकार म्हणून पाय रोवणे त्या काळापेक्षा सोपे राहिलेले नाही. अल्बम खपत होते तेव्हा ‘बी साइड’प्रमाणेच अल्बममधले दहावे गाणेही गीतकाराला पहिल्याइतकेच पैसे मिळवून देई. तबकडी आणि डाउनलोडसाठीचा दर २००६ पासून २०२२ पर्यंत ९.१ सेंटवर अडकून पडला होता, २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला. पण ऑनलाइन ऐकण्याच्या युगात श्रोता अल्बम विकत घेत नाही. हवे तेवढेच गाणे ऐकतो आणि प्रत्येक वेळी जमा होणारी रक्कम सेंटच्या एका छोट्या अंशाइतकी असते. न गाजलेल्या गाण्यांवर संसार चालविणारा मधल्या फळीतला गीतकार त्यामुळे झपाट्याने कमी होत गेला. अमेरिकी संसदेने २०१८ मध्ये कायदा बदलला आणि ही रक्कम गोळा करून वाटण्यासाठी नॅशव्हिलमध्येच स्थापन झालेल्या संस्थेचे काम २०२१ पासून सुरू झाले. त्यातून गीतकारांची थकलेली रक्कम त्यांच्यापर्यंत पोहोचू लागली. दराचा प्रश्न तसाच आहे.

हाउस ऑफ ब्रायंटचा हक्कांविषयीचा आग्रह एकदा तर थेट एका गावापर्यंत गेला. पूर्व टेनेसीतल्या लेक सिटी या छोट्या गावाने पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी स्वतःचे नाव बदलून ‘रॉकी टॉप’ ठेवण्याचा ठराव केला. या नावाचे व्यापारी हक्क आपल्याकडे असल्याचे सांगत कंपनी न्यायालयात गेली. न्यायालयाने तात्पुरती मनाई देण्यास नकार दिला आणि जून २०१४ मध्ये गावाच्या नगर परिषदेने नामांतर मंजूर केले. राज्याच्या नकाशावर ते गाव आता गाण्याच्याच नावाने दाखवले जाते.